विमानप्रवास आणि हातची अवजारे : गैरसमज व वस्तुस्थिती

रावेर तालुक्यातील सावदा हे भुसावळ–खंडवा लोहमार्गावरचे गाव केळीच्या व्यापारासाठी ओळखले जाते, आणि ज्या गावाचा उदरनिर्वाह घड कापणे, फण्या वेगळ्या करणे, पिल काढणे व ठिबकच्या नळ्या दुरुस्त करणे अशा हातकामावर चालतो, त्या गावातील माणसाच्या प्रवासी पिशवीत एखादे लहान अवजार असणे अगदी स्वाभाविक असते. रेल्वेने किंवा एसटीने जाताना विळा, पक्कड, पाना किंवा पुठ्ठा कापण्याचे कटर पिशवीत आहे की नाही, याची सहसा कोणी चौकशी करत नाही. मात्र जळगावजवळील विमानतळाचे उद्घाटन २०१२ मध्ये झाले, ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये तेथून मुंबईसाठी विमान सुटले आणि २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद व पुणे या शहरांशीही हा भाग हवाई मार्गाने जोडला गेला; त्यामुळे रेल्वेप्रवासात रुळलेली सवय प्रथमच विमानतळाच्या तपासणीसमोर येऊ लागली. या तपासणीविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच मुळातून येतात : नियम अवजाराला किंवा ते बाळगणाऱ्या माणसाला चांगले-वाईट ठरवतो, अशी समजूत. प्रत्यक्षात नियम ठरवतो ती केवळ अवजाराची जागा.

ही जागा तीन प्रकारची असते. प्रवासी स्वतःजवळ ठेवतो ते केबिन सामान; विमान कंपनीच्या खिडकीवर सोपवले जाते आणि विमानाच्या पोटातील मालकक्षात, म्हणजे होल्डमध्ये, ठेवले जाते ते चेक-इन सामान; आणि तिसऱ्या प्रकारात अशा वस्तू येतात, ज्या प्रवाशाच्या सामानातून विमानात कोठेही नेता येत नाहीत. भारतात यासंबंधीचे सुरक्षानियम ‘ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी’, म्हणजे थोडक्यात बीसीएएस, ही केंद्र सरकारची यंत्रणा ठरवते. १९७६ मधील विमान अपहरणानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये तिची स्थापना झाली आणि १९८५ च्या ‘कनिष्क’ विमान दुर्घटनेनंतर, १९८७ पासून, तिला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला.

गैरसमज १ : शेतीचे अवजार हे शस्त्र नव्हे, म्हणून ते जवळ ठेवण्यास हरकत नाही.

वस्तुस्थिती : या समजुतीला कायद्याचा एक खरा आधार आहे, परंतु तो वेगळ्या कायद्याचा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियम ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्र मानतात, मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक उपयोगासाठी बनवलेली साधने त्यातून वगळतात. म्हणूनच बागेत काम करणाऱ्या मजुराला कोयत्यासाठी परवाना लागत नाही. विमानाच्या केबिनला लागू होणारे नियम मात्र वस्तू कशासाठी बनवली याचा विचार न करता, बंद जागेत ती कशासाठी वापरली जाऊ शकते, याचा विचार करतात. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीकडे निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले, तेव्हा अपहरणकर्त्यांनी एका प्रवाशाचा जीव चाकूने घेतला. आणि ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत झालेल्या हल्ल्यांत चाकूंबरोबरच पुठ्ठा कापण्याच्या कटरसारखी साधी साधने वापरली गेली. केळी खोक्यांत भरणाऱ्या पॅकहाउसमध्ये दिवसभर हाताळले जाणारे साधन केबिनमध्ये का चालत नाही, याचे उत्तर या इतिहासात आहे. त्यामुळे विळा, कोयता, फण्या काढण्याची सुरी, कलमाचा चाकू आणि छाटणीचे सिकेटर यांची जागा चेक-इन सामानात आहे. शीख प्रवाशांना देशांतर्गत विमानांत कृपाण बाळगता येते, परंतु ती सवलत धार्मिक आचरणासाठी स्वतंत्रपणे दिलेली असून पात्याची लांबी ६ इंचांहून व एकूण लांबी ९ इंचांहून अधिक नसावी, अशी तिची मर्यादा आहे. तिच्यावरून इतर पात्यांसाठी अनुमान काढता येत नाही.

गैरसमज २ : पाते लहान असले, किंवा अवजाराला धारच नसली, तर ते केबिनमध्ये चालते.

वस्तुस्थिती : या समजुतीचा उगम बहुधा परदेशातील नियमांत आहे. अमेरिकेत ७ इंचांपर्यंत, म्हणजे सुमारे १७.८ सेंटिमीटरपर्यंत, एकूण लांबीचे पाने, पकडी व स्क्रू ड्रायव्हर केबिनमध्ये नेता येतात, आणि खिळीपासून टोकापर्यंत ४ इंचांहून कमी पात्याची कात्रीही चालते. चाकू मात्र तेथेही चालत नाही, कारण २०१३ मध्ये लहान चाकूंना मुभा देण्याचा मांडलेला प्रस्ताव त्याच वर्षी मागे घेण्यात आला. युरोपीय संघात पात्याची किंवा स्क्रू ड्रायव्हरसारख्या अवजाराच्या दांड्याची मर्यादा ६ सेंटिमीटर आहे. भारतातील मनाईच्या यादीत पाने, पकडी, हातोडी, करवत, ड्रिल आणि स्क्रू ड्रायव्हर ही अवजारे म्हणूनच येतात, त्यामुळे इंच मोजून सवलत गृहीत धरता येत नाही, आणि धार नसलेला पानाही जड धातूची वस्तू म्हणून त्याच यादीत बसतो. याचा सर्वाधिक फटका परदेशातून घरी येणाऱ्या कुटुंबांना बसू शकतो. अमेरिकेतील विमानतळावर केबिन पिशवीतून सुखरूप गेलेला स्क्रू ड्रायव्हर मुंबईत उतरून जळगावचे विमान पकडताना भारतीय नियमांनी तपासला जातो आणि तेथे अडतो. म्हणून अनेक टप्प्यांच्या प्रवासात सर्वांत कडक नियम असलेल्या टप्प्याप्रमाणेच सामान भरणे शहाणपणाचे ठरते.

गैरसमज ३ : लहान विमानतळावरची तपासणी सैल असते.

वस्तुस्थिती : विमानतळाचा आकार, तेथील यंत्रे आणि मनुष्यबळ वेगवेगळे असते, परंतु मनाईची यादी मुंबई आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी एकच असते. हवाई वाहतूक हे जाळे असल्यामुळे त्यातील एक दुवा कमकुवत राहिला, तर धोका त्या दुव्यापुरता मर्यादित राहत नाही. १९९९ चे अपहरण ज्या विमानाचे झाले, ते विमान दिल्लीहून नव्हे, तर काठमांडूहून निघाले होते. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर कापड, कागद, अन्न यांसारखे सेंद्रिय पदार्थ नारिंगी छटेत, धातू निळ्या छटेत आणि या दोहोंच्या मधल्या घनतेच्या वस्तू हिरव्या छटेत दिसतात, त्यामुळे कपड्यांच्या घडीत खोल ठेवलेली पक्कड लपत नाही, उलट नारिंगी पार्श्वभूमीवर तिची निळी आकृती अधिक ठळक होते. शिवाय तारा, धातू आणि बॅटरी एकत्र गुंडाळलेल्या असतील, तर धोका नसतानाही पिशवी उघडून पाहावी लागते. यापूर्वी एखादी वस्तू एका ठिकाणी नजरेतून सुटली, एवढ्यावरून तिला परवानगी आहे असे ठरत नाही, आणि शंका उद्भवल्यास तपासणी अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो.

गैरसमज ४ : चेक-इन सामानात काहीही चालते, कारण ते प्रवाशाच्या हाती लागत नाही.

वस्तुस्थिती : चेक-इन सामानाचीही क्ष-किरण तपासणी होते, मात्र तेथील चिंता धारेची नसून आगीची असते. त्यामुळे कोयता होल्डमध्ये जाऊ शकतो, पण पीव्हीसी नळ्या चिकटवण्याचे सॉल्व्हंट जाऊ शकत नाही, कारण ते ज्वालाग्राही द्रव आहे. आणि ठिबक संच बसवणाऱ्या कारागिराच्या पेटीत पाने व पंच यांच्या शेजारीच या सॉल्व्हंटचा डबा असल्यामुळे ही चूक सहज घडते. थिनर, कीटकनाशके, काडीपेटी आणि लायटर यांनाही भारतात दोन्ही प्रकारच्या सामानात मनाई आहे. सोन्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या जळगावच्या सराफकामातील हातोडी, चिमटा, कानस व कात्री ही साधने चेक-इन सामानातून जाऊ शकतात, परंतु झाळकामाच्या शेगडीचा गॅसचा डबा कोठेही जात नाही. इंधनावर चालणाऱ्या वापरलेल्या ब्रश कटरची टाकी रिकामी केली, तरी तीत इंधनाचा अंश व वाफ उरते, म्हणून असे यंत्र मालवाहतुकीच्या स्वतंत्र नियमांनी पाठवावे लागते. जी धारदार अवजारे होल्डमध्ये जातात, त्यांची पाती जाड पुठ्ठ्यात किंवा म्यानात बांधणे आवश्यक असते, कारण पिशवी उचलणारे आणि उघडून तपासणारे हात माणसांचेच असतात. देशांतर्गत विमानांत चेक-इन सामानाची मोफत मर्यादा बहुधा १५ किलो असते, आणि लोखंडी अवजारे ती लवकर गाठतात, हेही आधीच ध्यानात घ्यावे लागते.

गैरसमज ५ : बॅटरीवर चालणारे ड्रिल बॅटरीसकट चेक-इन सामानात टाकले की काम झाले.

वस्तुस्थिती : या बाबतीत सर्वसामान्य तर्क नेमका उलटा पडतो, कारण यंत्र होल्डमध्ये आणि सुटी बॅटरी केबिनमध्ये, अशी विभागणी करावी लागते. लिथियम-आयन बॅटरीत अंतर्गत बिघाड झाला, तर ती स्वतःच्याच उष्णतेने अधिकाधिक तापत जाऊन पेट घेऊ शकते. केबिनमध्ये असा धूर तत्काळ लक्षात येतो आणि कर्मचारी तो आटोक्यात आणू शकतात, होल्डमध्ये मात्र तेथवर कोणाला पोहोचता येत नाही. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजली जाते, आणि व्होल्ट व अँपिअर-तास या अंगावर छापलेल्या दोन आकड्यांचा गुणाकार केला, की ती मिळते. १८ व्होल्ट व ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॅट-तासांची, म्हणजे १०० च्या आतील असल्यामुळे वेगळ्या परवानगीशिवाय चालते. ६ अँपिअर-तासांची बॅटरी १०८ वॅट-तासांची होते आणि १०० ते १६० या टप्प्यातील अशा सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या संमतीने फार तर दोन नेता येतात. ९ अँपिअर-तासांची बॅटरी १६२ वॅट-तासांची होऊन मर्यादा ओलांडते व प्रवासी विमानात नेता येत नाही. सुट्या बॅटरीच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावल्यास एखाद्या किल्लीचा किंवा खिळ्याचा स्पर्श होऊन विद्युतमंडल जुळण्याचा धोका टळतो.

गैरसमज ६ : अवजार सापडले, की गुन्हा दाखल होतो.

वस्तुस्थिती : अनवधानाने राहिलेली पक्कड किंवा कात्री सापडली, तर सामान्यतः ती केबिनमध्ये नेऊ दिली जात नाही, एवढेच घडते. वेळ हाताशी असल्यास प्रवासी विमान कंपनीच्या खिडकीकडे परतून ती चेक-इन सामानात देऊ शकतो किंवा निरोप द्यायला आलेल्या नातेवाइकाकडे सोपवू शकतो. परंतु सामान स्वीकारणे देशांतर्गत उड्डाणांत साधारण तासभर आधी बंद होते, त्यानंतर वस्तू सोडून देण्याखेरीज मार्ग उरत नाही. बंदुकीच्या काडतुसाची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण परवान्याशिवाय एकही काडतूस जवळ सापडले, तर शस्त्र अधिनियमाखाली कारवाई होऊ शकते. म्हणून घरातील परवाना असलेल्या बंदुकीसाठी एकदा वापरलेली पिशवी विमानप्रवासासाठी घेताना तिचा प्रत्येक कप्पा रिकामा करून पाहिला पाहिजे.

हातावर पोट असलेल्या माणसाचे अवजार हे त्याचे भांडवल असते, आणि पुण्याच्या किंवा हैदराबादच्या कामावर निघालेल्या कारागिराची रोजच्या हाताला बसलेली पक्कड तपासणीच्या टेबलावर राहून गेली, तर नवी विकत घेऊनही त्याचे नुकसान पूर्ण भरून येत नाही. हे नुकसान बहुतेक वेळा अज्ञानातून होते आणि सामान भरतानाच टाळता येते. प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : ती पेट घेणारी किंवा स्फोटक आहे का, असल्यास ती घरीच ठेवावी, ती सुटी लिथियम बॅटरी आहे का, असल्यास क्षमता पडताळून केबिनमध्ये घ्यावी, ती कापणारी, टोचणारी किंवा ठोकणारी आहे का, असल्यास बांधून चेक-इन सामानात द्यावी. तरीही शंका उरली, तर प्रवासाच्या आधी विमान कंपनीकडे चौकशी करावी, कारण याद्या काळानुसार बदलतात. विमानतळांची दारे खानदेशातील कष्टकऱ्यांसाठी आता उघडत आहेत, आणि त्या दारांतून जाताना त्यांच्या अवजारांचा मान राखला जावा, यासाठी हे नियम सोप्या मराठीत गावोगावी पोहोचवणे ही विमान कंपन्या, विमानतळ आणि स्थानिक संस्था या सर्वांची जबाबदारी आहे.