मॉनिटर धूसर दिसतो? नवीन घेण्याआधी हे तपासा

तिरोडा : धानाच्या ऑनलाइन नोंदणीसाठी सातबारा, आधार अन् पासबुक घेऊन आपण केंद्रावर जातो. ऑपरेटर भाऊ पडद्याला डोळे लावून आकडे भरतो. मागच्या हंगामात माझ्या खाते क्रमांकातला ८ तिथे ३ झाला. पावती वाचली म्हणून लक्षात आलं, नाहीतर चुकारे अडकले असते. पडद्यावर ३ अन् ८ सारखेच दिसत होते. मॉनिटर बाद झाला असं सगळेच म्हणत होते, पण एक रुपया न लावता तो ठीक झाला. तुमच्याकडेही असं होत असेल तर पुढच्या गोष्टी क्रमाने पाहा.

रिझोल्यूशन : एलसीडी पडद्यावरचे ठिपके ठरलेले असतात. साडेअठरा इंची मॉनिटरवर बहुधा १३६६ × ७६८, तर साडेएकवीस इंचीवर १९२० × १०८०. सेटिंग त्यापेक्षा कमी असली की चित्र ताणलं जातं अन् अक्षरं फुटतात. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'डिस्प्ले सेटिंग्ज'मध्ये जा अन् ज्या आकड्यासमोर 'रेकमेंडेड' लिहिलं आहे तोच निवडा. आमच्या केंद्रावर हाच दोष होता. अक्षरं मोठी दिसावी म्हणून कोणीतरी रिझोल्यूशन कमी करून ठेवलं होतं. अक्षरं मोठी हवी असतील तर तिथेच 'स्केल' १२५ टक्के करा.

ड्रायव्हर : विंडोज नव्याने टाकल्यावर पडदा बिघडला अन् यादीत योग्य आकडाच दिसत नसेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर राहिला असेल. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' लिहिलेलं दिसलं की समजा, तो टाकावा लागेल.

केबल : जुन्या मॉनिटरला निळ्या तोंडाची १५ पिनांची व्हीजीए केबल असते. लाल, हिरवा अन् निळा या तिन्ही रंगांची पिन वेगळी. निळ्याची पिन वाकली तर पडदा पिवळट दिसतो, हिरव्याची वाकली तर गुलाबी. कॉम्प्युटर बंद करून केबल काढा, पिना पाहा, परत लावून दोन्ही स्क्रू कसा. सावली पडत असेल किंवा चित्र सरकलं असेल तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा. दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर तीच केबल वापरा.

दोष कुठे, ते ओळखा : रेघा किंवा चुकीचे रंग दिसत असतील तर 'प्रिंट स्क्रीन' घेऊन तो फोटो मोबाइलवर पाहा. मोबाइलवर साफ दिसला तर दोष केबलचा किंवा मॉनिटरचा. केबल बदलूनही रेघ जात नसेल तर मग मात्र मॉनिटर दुकानात न्या.

धूळ : मळणीच्या दिवसांत पडद्यावर भुसा बसतो. मॉनिटर बंद करून मऊ सुती कापडाने पुसा. पाणी थेट पडद्यावर फवारू नका.

आता शेतकरी भावांसाठी. पडदा कितीही साफ असो, 'सबमिट' दाबण्याआधी खाते क्रमांक, आयएफएससी अन् गट क्रमांक ऑपरेटरकडून मोठ्याने वाचून घ्या अन् आपण पासबुकावर बोट ठेवून जुळवा. दोन मिनिटं जातील, पण चुकाऱ्यासाठी बँकेच्या चकरा वाचतील.