मजुरीच्या नोंदी व शेतकऱ्याचा खर्च

शेतांत मजूर लावणारा प्रत्येक खातेदार आजचा मजुरीचा दर तोंडपाठ सांगतो. परंतु गेल्या सालीं एकरामागें मजुरीवर एकंदर काय खर्च झाला असें विचारतां बहुधा अंदाजच ऐकावयास मिळतो. हे अंदाज सरकारी तक्त्यांत कसे उतरतात व त्यांचा हमीभावाशीं काय संबंध पोहोंचतो, हें वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

शेतमजुरांची पहिली अखिल भारतीय पाहणी १९५०-५१ सालीं व दुसरी १९५६-५७ सालीं झाली. पहिलींत पुरुष मजुराची सरासरी रोजी दशमान हिशेबानें १ रुपया ९ पैसे निघाली. दुसरींत ती ९६ पैसे भरली. पहिली पंचवार्षिक योजना पुरी झाली आणि मजूर उलट दरिद्री झाला काय, असा मोठा वाद त्यावरून माजला. बारकाईनें पाहतां असें दिसून आलें कीं, धान्यरूपानें दिलेल्या मजुरीचें मोल पहिल्या वेळीं किरकोळ भावानें धरलें होतें व दुसऱ्या वेळीं घाऊक भावानें. पायलीभर ज्वारी तीच. पण वाण्याच्या दुकानीं तिचें मोल अधिक व अडतीवर कमी. शिवाय शेतमजुराचें कुटुंब कोणास म्हणावें, ही व्याख्याही मध्यंतरीं बदलली होती. एक शेत बिघ्यानें व दुसरें एकरानें मोजून वजाबाकी करावी, तसाच हा प्रकार झाला.

पुढें सिमल्याच्या लेबर ब्यूरोनें ग्रामीण मजुरीचे दर दरमहा प्रसिद्ध करण्याची पद्धत पाडली. २०१३ च्या नोव्हेंबरपासून त्यांत शेतीचीं व शेतीबाहेरचीं मिळून २५ प्रकारचीं कामें वेगळालीं दाखविलीं जाऊं लागलीं. परंतु हा मजुराच्या हातीं पडणाऱ्या रोजीचा हिशेब होय. मालकाचा खर्च निराळा. मजूर आणण्याचें टेम्पोभाडें, चहा, मुकादमाचें कमिशन, पाडव्याला ठरविलेल्या सालगड्यास दिलेली ज्वारी व कपडे, हें सर्व रोजीच्या आंकड्यांत कोठें येणार? कापूस किलोवर वेंचला जातो, कांद्याची लागण उक्ती दिली जाते. तेथें रोजी काढण्यास माणसें व दिवस दोन्ही ठाऊक असावे लागतात.

हा खर्च मोजण्याकरितां १९७०-७१ पासून पीक-खर्चाची देशव्यापी योजना सुरू झाली. महाराष्ट्रांत राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें हें काम केलें आहे. नमुन्यांत आलेल्या शेतकऱ्याकडे वर्षभर नोंदी घेतल्या जातात. १९६५ सालीं स्थापन झालेला कृषिमूल्य आयोग त्यांवरून खर्चाचे निरनिराळे प्रकार मांडतो. प्रत्यक्ष दिलेला पैसा, दिलेलें धान्य व खंडानें घेतलेल्या जमिनीचा खंड धरला म्हणजे ‘अ-२’. त्यांत घरच्या माणसांच्या श्रमाचें मोल मिळविलें म्हणजे ‘अ-२ अधिक कुटुंबश्रम’. २०१८-१९ च्या अंदाजपत्रकांत हमीभाव खर्चाच्या निदान दीडपट ठेवण्याचें जें जाहीर झालें, तें ह्याच दुसऱ्या खर्चावर बसविण्यांत आलें.

आतां येथेंच आपली चूक होते. नोंद घेणारा येतो व विचारतो, ‘घरचीं किती माणसें राबलीं?’ आपण म्हणतों, ‘मी आणि मुलगा.’ सून व मंडळी खुरपीत होत्या हें आपल्या ध्यानांतच येत नाहीं. समजा, त्या दोघींचे वीस-वीस दिवस सुटले व दर ३०० रुपये धरला, तर १२,००० रुपये खर्चांतून गळाले. नमुन्यांतील एका शेतकऱ्यामागें इतर हजारों उभे असल्यामुळें ही गळती एका घरापुरती राहात नाहीं.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नव्हे. प्रस्तुत लेखकानें एका कचेरींत कारकुनी केली आहे. महिनाअखेर तक्ता पाठविण्याची घाई असे. चावडीवरून माहिती आली नाहीं म्हणजे मागील महिन्याचाच दर मीं पुढें उतरवून दिला, असें एकदां नव्हे अनेकदां घडलें. सुगींत मजुरी चढली तरी कागदावर ती जागची हालली नाहीं. वरिष्ठांनींही कधीं विचारलें नाहीं.

तेव्हां शंभर पानी वही घरीं ठेवावी व त्याच संध्याकाळीं टिपण करावें: काम कोणतें, बाया किती, पुरुष किती, किती तास, रोख काय, धान्य किती व त्या दिवशीं गांवांतील दुकानीं त्याचा भाव काय. घरच्या माणसांचे तास वेगळ्या रकान्यांत लिहावे. सावडीनें काम झाल्यास पैसा दिसत नाहीं, म्हणून तो दिवस कोरा सोडूं नये. शेजाऱ्याकडे आपण फेडलेले दिवसही त्याच पानावर मांडावे.