बाटलीवर न लिहिलेलं

चकल्या तळताना तेल जास्त तापलं की स्वयंपाकघरात निळसर धूर दाटतो, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो आणि आतल्या खोलीतून कुणीतरी 'गॅस बारीक करा' म्हणून ओरडतं. डोळ्यांना झोंबणाऱ्या त्या धुरात असतं ॲक्रोलीन. तेलातलं ग्लिसरीन अति उष्णतेनं सुटं होतं, त्याच्या रेणूतून पाण्याचे दोन रेणू निघून जातात आणि मागे ॲक्रोलीन उरतं. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यानं हेच रसायन शस्त्र म्हणून वापरलं होतं.

ई-सिगारेटच्या बाटलीतही मुख्यतः ग्लिसरीनच असतं. त्याच्या जोडीला प्रॉपिलीन ग्लायकॉल, बहुतेकदा निकोटिन आणि स्वाद. 'हे सगळं खाण्यात चालतं, मग घाबरायचं कशाला?' हा युक्तिवाद मी तरुण मुलांकडून कितीदा तरी ऐकला आहे. निकोटिन वगळलं तर बाटलीपुरता तो बराचसा खराही आहे. पण बाटलीतलं जसंच्या तसं फुफ्फुसात जात नाही, वाटेत त्याला तापलेली तार भेटते.

बीजिंगचे औषधनिर्माते होन लिक यांनी 2003 च्या सुमारास घडवलेल्या या उपकरणाचं आजचं रूप समईच्या जवळचं आहे. कापसाची वात द्रव ओढते आणि तिला वेढलेली तार बॅटरीवर तापते. प्रॉपिलीन ग्लायकॉल 188 अंशांना उकळतं, ग्लिसरीन 290 अंशांना. वात ओली आहे तोवर उकळणारा द्रव तारेची उष्णता शोषत राहतो. ती सुकली की तारेचं तापमान झपाट्यानं चढतं, रेणू तुटू लागतात आणि फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड, ॲक्रोलीन तयार होतात. बाहेर येते तिला आपण वाफ म्हणतो खरं, पण ते असतात धुक्यासारखे अतिसूक्ष्म थेंब.

2015 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच उपकरणाच्या दोन नोंदी प्रसिद्ध केल्या. 3.3 व्होल्टला फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत. 5 व्होल्टला ती भरपूर सापडली. ग्रीसचे डॉ. कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांनी हरकत घेतली, की इतक्या तापलेल्या तारेचा झुरका जळका, कडवट लागतो, तो कोणी घेणारच नाही. हरकत रास्त आहे. पण तिच्यातूनही हेच निघतं, की काय तयार होईल हे तार किती तापते त्यावर ठरतं.

धातूंचं प्रकरण मला याहून गंभीर वाटतं. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2018 मध्ये 56 जणांची रोजच्या वापरातली उपकरणं तपासली. त्यांनी बाटलीतला द्रव, उपकरणात भरलेला द्रव आणि बाहेर येणारे तुषार अशी तिन्हींची तुलना केली. तुषारांतलं शिशाचं मध्यक प्रमाण बाटलीतल्या द्रवाच्या 25 पटींहून जास्त निघालं. क्रोमियम आणि निकेलही वाढलेलं होतं. द्रव तापलेल्या तारेला स्पर्शून गेला, त्याची ही खूण.

स्वादाची गोष्ट जुनी आहे. मिसुरीतल्या जॅस्पर गावात पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांची फुफ्फुसं निकामी झाल्याचं 2000 मध्ये उघडकीला आलं. कारण होतं लोण्याच्या स्वादाचं डायॲसिटिल, जे खाल्लं तर निरुपद्रवी. हार्वर्डच्या चमूनं 2015 मध्ये ई-सिगारेटचे 51 स्वाद तपासले, त्यांपैकी 39 मध्ये तेच सापडलं.

जळत्या तंबाखूचा धूर याहून कितीतरी घातक, हे मान्यच करायला हवं. पाकीटभर सिगारेट ओढणारा माणूस पूर्णपणे इकडे वळला तर त्याच्या शरीरात जाणारी विषारी द्रव्यं बरीच कमी होतात. पण ज्यानं कधी सिगारेटला हात लावला नाही, त्या सोळा वर्षांच्या मुलासाठी तुलना धुराशी नव्हे, स्वच्छ हवेशी करायची असते.

2019 मध्ये अमेरिकेत ई-सिगारेट ओढणारे धडधाकट तरुण श्वास कोंडून रुग्णालयांत येऊ लागले. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत 2,807 रुग्णांची नोंद झाली, 68 जण दगावले. बहुतेकांनी काळ्या बाजारातली, गांजाचा अर्क असलेली काडतुसं ओढली होती. तो अर्क पातळ करायला त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळत. तपासलेल्या 51 रुग्णांपैकी 48 जणांच्या फुफ्फुसांतल्या द्रवात ते सापडलं. त्वचेला लावायच्या क्रीममध्ये हेच असतं. तापवल्यावर त्यातून कीटीन हा विषारी वायू सुटू शकतो, असं डब्लिनच्या रसायनशास्त्रज्ञांनी 2020 मध्ये दाखवलं.

भारतात 2019 पासून ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे. तरी ती चोरून मिळते, वर आंब्याचं नाहीतर स्ट्रॉबेरीचं चित्र असतं. आतली तार कुठल्या धातूची आणि ती किती तापते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.