रात्रीची लाइट आणि सातबारा

माझी जाऊ पूर्णा तालुक्यात राहते. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले, की तिची झोप उडायची. शेतातली लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दीर बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघाले, की ही दारातच बसून. इचू-काट्याची धास्ती काय असते, मैत्रिणींनो, तुम्हाला मी काय सांगू!

गेल्या वर्षी त्यांच्या विहिरीवर सौर पंप बसला. २०२४ पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी ५. बाकी सरकारी अनुदान. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप, पाच एकरापर्यंत ५, पुढे साडेसातचा. वीजबिल नाही, दुरुस्तीची पाच वर्षं हमी. आभाळ आलं की पाणी मंदावतं, हेही खरं. पण जाऊ आता रात्री झोपते.

आमच्या बचत गटातल्या एका बाईंचा अर्ज मात्र अडलाय. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, शेत त्याच कसतात, सातबारा अजून त्याच्याच नावावर. ‘घाई काय आहे?’ असं घरचे म्हणत राहिले, आणि यांनीही ऐकलं. सामाईक जमीन असेल तर इतर हिस्सेदारांचं ना-हरकतही लागतं बरं का.

सोमवारी आम्ही दोघी तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी जातोय. मृत्यूचा दाखला पिशवीत ठेवलाय. रेशनकार्ड सापडेना, म्हणून काल त्यांनी सगळी पेटी उपसली.