गंज, कळक आणि मोरचूद

इंग्रजी 'करोजन' ह्या शब्दास ग्रंथकार 'क्षरण' हा प्रतिशब्द योजितात. तो शुद्ध खरा, परंतु शेतकऱ्यास परका. आपल्या बोलीत लोखंड गंजते आणि कल्हई गेलेल्या पितळेत ताक कळकते. दोहोंतही धातूच खाल्ला जात असतो. (गव्हावरील तांबेरा केवळ रंगाने सोयरा, ती बुरशी होय.)

गंजास पाणी व प्राणवायू दोन्ही लागतात. सबब फाळ पुसून तेल माखून ठेवावा, हे सर्वांस ठाऊकच आहे. बागाइतदारांचे लक्ष आम्ही निराळ्या क्षरणाकडे वेधू इच्छितो. मोरचूद लोखंडी बादलीत भिजविला की लोखंड पाण्यात विरघळते व त्याच्या जागी तांबे बसते. बादली जाते ती जातेच; पण केवड्यापासून द्राक्षवेल राखावयाचे तांबेही बादलीलाच चिकटून राहते. ह्यास्तव बोर्डो मिश्रण माती, लाकूड वा प्लास्टिकच्या भांड्यातच करावे. शेकडा १ प्रमाणास १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी घ्यावे. फवारणीपूर्वी लखलखीत लोखंडी सुरी मिश्रणात काही वेळ धरावी. पात्यावर तांबूस लेप आल्यास मोरचूद अद्याप मोकळा आहे असे समजून, लेप येईनासा होईपर्यंत चुन्याचे गाळलेले पाणी घालीत जावे.