विद्यापीठाच्या आवारातील झाडे

आम्ही कामगार चळवळीतले. झाडांविषयी शिकलो ते माळ्यांकडून आणि वाचनालयातल्या पुस्तकांतून. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आम्हांला अधिकार कोणता, असे कोणी विचारील. परंतु लावलेले झाड जगते ते कोणाच्या तरी श्रमावर, आणि श्रमाचा हिशेब हा आमचा जुना धंदा आहे.

आपल्या जिल्ह्यात दापोलीस १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. अशा आवारातील आंब्याकडे केवळ सावली म्हणून पाहू नये. हापूसची कोय पेरली तर रोप आईच्या गुणाचे निघेल याचा भरवसा नाही. हापूस हवा तर हापूसच्याच काडीचे कलम बांधावे लागते. ज्याच्या काड्या घ्यावयाच्या तो मातृवृक्ष म्हणजे जिवंत दप्तरच. हापूस एक साल धरतो, दुसऱ्या साली रुसतो. शिवाय गरात साका होतो, तो वेगळाच. नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ आला, त्यात साका नाही. पुढे १९९२ साली पातळ कोयीचा ‘सिंधू’ आला. संकराची पारख करावयाची तर झाडाने वाढावे, मोहरावे, अनेक हंगाम फळ द्यावे. ते कोसळले तर दुसऱ्या दिवशी रोप लावून ती वर्षे परत मिळत नाहीत.

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने दापोली-मंडणगडकडील बागा आडव्या केल्या. वादळापुढे इलाज नाही. पण पुष्कळ झाडे माणसाच्या हातून मरतात. मुळांना हवा लागते, हे आम्ही उशिरा शिकलो. एका कारखान्याच्या दारातल्या करंजाखाली आमच्या गेटसभा भरत. मालकाने स्वच्छतेसाठी बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले. आम्हीही खूश झालो, बसायला कोरडी जागा मिळाली! काही पावसाळ्यांनी करंज वाळला.

आंब्यावर बांडगूळ येते ते पक्ष्यांनी आणलेल्या बियांतून. ते फांदीतले पाणी पिते. फळण्यापूर्वीच फांदीच्या तुकड्यासकट काढावे लागते. खोडाच्या भोकातून भुसा पडू लागला की आत भिरूड आहे असे समजावे आणि तार घालून ती काढावी. दोन्ही गोष्टी वेळेवर दिसतात त्या रोज झाडाखालून जाणाऱ्यालाच. कंत्राटावरचा माणूस दर सहा महिन्यांनी बदलला, तर गेल्या साली भुसा कोणत्या झाडाखाली पडला होता हे नव्याला कसे कळावे?

म्हणून कोणत्याही आवारात वृक्षारोपणाचे निमंत्रण आले की आम्ही एकच चौकशी करतो: डिसेंबरपासून पाऊस येईपर्यंत या आळ्यांत पाणी कोण घालणार, आणि त्याचे नाव हजेरीपटावर आहे काय?