शिबिरात मोबाईल : बंदी सोपी, व्यवस्था अवघड

देगलूर - पहाटे प्रभातफेरी, दुपारपर्यंत श्रमदान, नंतर बौद्धिक सत्र आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम, असा राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिराचा दिनक्रम वर्षानुवर्षे ठरलेला आहे. त्या कागदावर मोबाईलला कोठेच स्थान नाही. प्रत्यक्षात तो प्रत्येक सत्राला हजर असतो.

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करावे आणि सात दिवसांच्या एका निवासी शिबिरात सहभागी व्हावे, अशी तिची रचना आहे. शंभर स्वयंसेवकांच्या एककातून साधारणतः निम्मे शिबिराला जातात. म्हणजे पन्नास तरुण आणि पन्नास मोबाईल. तेलंगण व कर्नाटकाच्या सीमेलगतच्या देगलूर तालुक्यातील एखाद्या खेड्यात, शाळेच्या दोन-तीन खोल्यांत मुक्काम असेल, तर पहिला तंटा चार्जिंगच्या बोर्डापाशीच होणार.

यावर सरसकट बंदी हा सर्वांत सोपा उपाय वाटतो. मात्र मोबाईल ही आता केवळ करमणूक राहिलेली नाही. गजर, घड्याळ, बॅटरी आणि पैशांचे पाकीट, सारे त्यातच आहे. रात्री शौचालयाकडे जाणाऱ्या मुलीच्या हातून मोबाईल काढून घेतला आणि बदल्यात साधी बॅटरी दिली नाही, तर नियम पहिल्याच रात्री मोडेल. आणि तो मोडणे योग्यच ठरेल.

म्हणून मोबाईल जमा करण्यापूर्वी त्याची कामे दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावी लागतात. उठवण्यासाठी घंटा, खोलीत भिंतीवरचे घड्याळ, प्रत्येक गटाला दोन बॅटऱ्या. पालकांची चिंता याहून मोठी असते. मुलीला सात दिवस परगावी पाठविणाऱ्या घराला कार्यक्रमाधिकारी आणि सोबतच्या महिला प्राध्यापक यांचे क्रमांक निघण्यापूर्वीच लेखी मिळाले पाहिजेत. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास सर्वांना मोबाईल परत दिला, तर चोरून वापरण्याचे कारणही उरत नाही. सर्पदंश वा अपघात झाल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावण्यासाठी एक मोबाईल सदैव चार्ज केलेला आणि कुलपाबाहेर असावा, आणि तो कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असावे.

छायाचित्रांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुलींच्या निवासाच्या व स्नानगृहाच्या परिसरात कॅमेरा नको, हे उद्घाटनालाच स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. संमतीविना एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्रण करणे वा ते पसरविणे यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. गंमत अशी, की मूल्यांकनाच्या अहवालासाठी स्थळ व वेळ नोंदविणारी छायाचित्रे महाविद्यालयालाच हवी असतात. हातात फावडे घेण्याऐवजी मोबाईल घेऊन उभे राहण्याचे निमित्त तेथूनच मिळते. त्यावर उपाय एकच : दर दिवशी दोन छायाचित्रकार नेमावेत, बाकीच्यांनी खड्डे खणावेत.

एकट्याने मोबाईल बाजूला ठेवणे कठीण आणि सर्वांनी मिळून ठेवणे तुलनेने सोपे, याचा दाखला सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने दिला. २०२२ मध्ये तेथे सायंकाळी सातचा भोंगा वाजला, की दीड तास मोबाईल व दूरचित्रवाणी संच बंद ठेवण्याचा निर्णय गावाने घेतला. मुलांनी अभ्यास करावा हा हेतू. पण बंधन मात्र घरातील मोठ्यांनाही होते.

शिबिरात नेमके हेच राहून जाते. मोबाईलची पेटी मुलांसाठी असते आणि बौद्धिक सत्र रंगात आले असताना पहिली घंटी वाजते ती व्यासपीठावरील पाहुण्यांच्या खिशात. पेटी तेथूनही फिरवायला हरकत नाही.